कान्येचं 'थ्रू द वायर': जबडा बांधलेला होता, एवढंच आहे का त्यात?

प्रश्न असा होता: "अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टच्या पहिल्या अल्बममधलं 'थ्रू द वायर' लोक एवढं डोक्यावर का घेतात? ॲक्सिडेंट झाला, जबडा तारेने बांधला होता, तसंच रेकॉर्ड केलं, मान्य, स्टोरी भारी आहे. पण गाणं म्हणून बघितलं तर जुन्या गाण्याचा स्पीड वाढवला आणि त्यावर पुटपुटला, दुसरं काय? आणि मी तेच करायला गेलो तर माझा सॅम्पल कार्टूनसारखा का वाजतो?"

भावा, हे दोन प्रश्न वाटतात पण उत्तर एकच निघणारे, फक्त जरा वळणं घेत जाऊ. (बाकीच्यांसाठी: सॅम्पल म्हणजे जुन्या गाण्यातून कापून नव्या गाण्यात वापरलेला तुकडा.) मी पुण्यात एक छोटा स्टुडिओ चालवतो, सतरा वर्षं होतील आता, सुरुवातीला भजनी मंडळं, गणपतीची गाणी, शाळेच्या गॅदरिंगचे ट्रॅक असलं सगळं केलं आणि गेली सात-आठ वर्षं निम्मं काम रॅपवाल्या पोरांचं असतं. त्यामुळे मी हे फॅन म्हणून कमी आणि माईकच्या पलीकडे काचेआड बसणारा माणूस म्हणून जास्त सांगतोय. आणि हो, हा कान्ये पुढे जाऊन जे काय बरळला, खास करून ज्यू लोकांबद्दल, त्याची वकिली करायला मी बसलेलो नाही. आपण २००२ ते २००४ मधल्या पोराबद्दल बोलतोय.

आधी काय झालं ते पटकन सांगतो. २३ ऑक्टोबर २००२, लॉस एंजेलिस, पहाटे तीनच्या आसपासची वेळ. कान्ये २५ वर्षांचा. रात्रभर स्टुडिओत काम करून भाड्याच्या लेक्ससमधून निघाला, डोळा लागला आणि समोरून येणाऱ्या गाडीवर धडकला. जबडा तीन ठिकाणी मोडला. समोरच्या गाडीतल्या माणसाचे दोन्ही पाय मोडले, हे सांगायचं सगळे विसरतात म्हणून मी मुद्दाम सांगतो. कान्येला नेलं सीडर्स-सायनाय हॉस्पिटलमध्ये, म्हणजे १९९७ च्या मार्चमध्ये गोळ्या लागल्यावर बिगी या मोठ्या रॅपरला जिथे नेलं होतं आणि जिथे तो वारला, तेच. गाण्यात त्याने हे सांगितलंय, आणि रॅपरच्या तोंडी ते आलं की त्याला वेगळं वजन येतं, कारण बिगी म्हणजे त्यांच्यासाठी कोण होता हे तुला माहितीच असेल. साधारण दोन आठवड्यांनी, जबड्याच्या तारा अजून काढायच्या होत्या तेव्हा, पठ्ठ्या परत माईकसमोर उभा.

आता सहानुभूतीचं बघू. तुझ्या बोलण्याचा रोख असा की लोकांना दया आली आणि गाणं चाललं. पण दया यायला माणूस ओळखीचा लागतो रे. २००२ मध्ये रॅपर म्हणून त्याला कोण ओळखत होतं? बीट, म्हणजे ज्यावर रॅप करतात ते संगीत, बनवणारा म्हणून नाव होतं, रॅपर जे-झीच्या 'द ब्लूप्रिंट' मध्ये, म्हणजे ११ सप्टेंबर २००१ ला आलेल्या अल्बममध्ये, त्याचे चांगले चार बीट होते. रॉक-अ-फेला या जे-झीच्या रेकॉर्ड कंपनीने त्याला रॅपर म्हणून साइन केलं तरी तिथल्या लोकांच्या डोक्यात एकच, बीट दे आणि बाजूला हो. २०२२ मध्ये त्याच्यावरची जी डॉक्युमेंटरी आली त्यात एक सीन आहे, हा कंपनीच्या ऑफिसात टेबला-टेबलापाशी जाऊन आपलं गाणं लावतोय, स्वतः सोबत रॅप करतोय आणि तिथली माणसं फोन, कागद, आपापल्या कामात. मला तो सीन बघवत नाही कारण माझ्याकडे येणारी निम्मी पोरं त्याच चेहऱ्याने येतात. वर त्याची अडचण अशी की कंपनीचं सगळं वजन रस्त्यावरच्या, ड्रग्जच्या धंद्याच्या गोष्टींवर, आणि याची आई कॉलेजात इंग्लिशची प्रोफेसर. गँगस्टरची ॲक्टिंग केली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता. तर हे गाणं आधी मिक्सटेपमधून, म्हणजे अनधिकृतपणे वाटल्या जाणाऱ्या रेकॉर्डिंगमधून फिरलं, मग ३० सप्टेंबर २००३ ला सिंगल म्हणून, म्हणजे सुटं एक गाणं म्हणून अधिकृत आलं, व्हिडिओचा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून घातला आणि बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत ते १५ नंबरपर्यंत गेलं, रॅपच्या सोलो परफॉर्मन्ससाठी ग्रॅमीचं नॉमिनेशन पण मिळालं. अनोळखी माणसाच्या जबड्यावर दया येऊन एवढं होत नाही. रेडिओवर गाडीत ऐकणाऱ्याला तार-बीर काही माहिती नसतं, त्याला पहिल्या दहा सेकंदात कानाला काहीतरी लागावं लागतं.

मग काय लागलं? इथे तुला एक प्रयोग करायला सांगतो, लाजू नको, दार लावून कर. दात एकमेकांवर घट्ट मिटव, ओठ मोकळे ठेव आणि म्हण, "बाबा भाकरी खा". बघ, ब आणि भ मस्त येतात कारण ते ओठांचं काम. पण आ चं काय झालं? जबडा खाली जात नाही म्हणून तो आ कुठेतरी अ आणि ए च्या मध्ये अडकतो. आता म्हण, "सासूचा चष्मा शोधतोय". दातांच्या फटीतून नुसती हवा सुटते आणि थुंकी साठते ती वेगळीच. शाळेत आपल्याला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य पाठ करायला लावायचे ना, तेव्हा वाटायचं हे कशाला, पण आपली वर्णमाला रचणाऱ्याने अख्खं तोंड घशापासून ओठापर्यंत ओळीत मांडून ठेवलंय. जबडा बांधला की काय होतं ते त्या तक्त्यावरच दिसतं: प-फ-ब-भ-म शाबूत, त-थ-द-ध जीभ मोकळी असल्यामुळे निभावतात, स-श-च-ज ची वाट लागते आणि स्वरांमध्ये आ, ऑ, ऐ हे मोठे तोंडवाले सगळे दबतात. जबडा मोडल्यावर वरचे दात आणि खालचे दात एकमेकांना तारेने बांधून टाकतात, हाड जुळेपर्यंत काही आठवडे तसंच. त्यात गाल सुजलेला. म्हणजे तोंड हा जो आवाजाचा डबा आहे त्याचं झाकणच उघडत नाही, आवाज नाकात आणि गालात कोंडतो. माझ्या भाषेत सांगायचं तर ३०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या खालच्या भागात, सगळी गिचमिड होते आणि ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे वरच्या भागात, शब्दाला जी धार असते ती जाते.

असा आवाज माझ्यासमोर आला तर हात आपोआप इक्यूकडे, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे भाग कमीजास्त करायच्या बटणांकडे जातो. खाली कापा, वर उचला, डी-एसर (स-श ची फुसफुस दाबणारं साधन) लावा, साफ करा. आणि साफ केलं की संपलं. हे मी शिकलो ते स्वतः एक घाण करून. एक पोरगा यायचा सोलापूरकडचा, त्याची अक्कलदाढ काढलेली, एक गाल टम्म सुजलेला, तरी आला कारण स्लॉट बुक होता आणि ॲडव्हान्स बुडेल ही भीती. म्हटलं ठीके, रफ घेऊन ठेवू. त्याने जे काही म्हटलं ना त्या दिवशी, अर्धे शब्द चावलेले, दुखतंय म्हणून वाक्यं तोडून तोडून, जोर लावता येत नाही म्हणून हळू, एकदम कानाशी. त्याच्या एरवीच्या आरडाओरड्यापेक्षा कितीतरी खरं. आणि मी काय केलं, आठ दिवसांनी सूज उतरल्यावर परत बोलावलं, सगळं नीट घासून पुसून रेकॉर्ड केलं आणि तेच रिलीज झालं. गुळगुळीत, कोणाला आठवतही नाही आता. ती सुजलेली टेक माझ्या हार्ड डिस्कवर अजून आहे, कधीतरी रात्री लावतो आणि स्वतःला शिव्या घालतो.

पण याचा अर्थ असा नाही की उद्या तू दाढ काढून स्टुडिओत ये. नुसतं तोंड बंद असून काही होत नाही, त्या तोंडासाठी लिहावं लागतं, आणि कान्येने तेच केलंय. हॉस्पिटलमध्ये तो काय खातोय याच्यावर त्याने जोक केलेत: नाश्त्याला बूस्ट, स्वीट डिशला एन्शुअर. (आपला सचिनवाला बूस्ट नव्हे हां, तिकडचा बूस्ट म्हणजे पेशंटला देतात ते बाटलीतलं तयार पोषण, एन्शुअरचाच भाऊ.) दुसऱ्याने पॅनकेक मागवला तर हा नुसतं त्यावरचं सिरप ओढतोय. आणि इथे गंमत बघ, डेझर्ट आणि सिरप हे दोन शब्द एरवी नीट जुळत नाहीत, त्याने दोन्हींच्या पोटात 'इझ' घुसवला, डिझर्ट आणि सिझर्प, झालं यमक. अमेरिकेतल्या रॅपवाल्यांची ही जुनी खोड, शब्द मधून फोडायचा आणि 'इझ' भरायचा. आपण शाळेत र्फची भाषा बोलायचो, मी ऐवजी मर्फी, तसंच. मास्तरांना कळू नये म्हणून आपण बोलायचो, यांनी त्याचं यमक केलं. आणि सिझर्प म्हणजे त्यांच्याकडे खोकल्याच्या औषधाची नशा पण, म्हणजे जोकच्या आत अजून एक जोक. ज्याला स्ट्रॉने जेवावं लागतंय तो माणूस जेवणावर यमकं जुळवतोय.

मग मायकल जॅक्सन येतो, १९८४ मध्ये पेप्सीच्या जाहिरातीचं शूटिंग करताना त्याचे केस पेटले होते ते, आणि त्याचं यमक एका गाडी-इन्शुरन्स कंपनीच्या नावाशी. ॲक्सिडेंट, इन्शुरन्स, आग, सगळं दोन ओळीत. 'अनब्रेकेबल' पिक्चरमधला मिस्टर ग्लास, ज्याची हाडं काचेसारखी मोडतात, तो पण येतो. सीट बेल्ट लावायला मी जास्तीचा शहाणा नव्हतो म्हणून वाचलो, असं तो सरळ कबूल करतो. हे मला फार आवडतं कारण रॅपमध्ये 'मी बेल्ट लावला होता' हे कोण सांगतं? ती काय मर्दानगीची गोष्ट आहे का? पण तेच खरं कारण होतं तो जिवंत असण्याचं, तर ते गाण्यात आलं.

आणि या सगळ्या टिंगलटवाळीच्या मधे एक ओळ अशी येते की हसू जागच्या जागी थांबतं. गर्लफ्रेंड विमानात बसून त्याला बघायला निघालीये आणि तिला भीती आहे की आपला माणूस एमेट टिलसारखा दिसत असेल. हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना माहिती नसतं म्हणून थांबतो. एमेट टिल हा शिकागोचा १४ वर्षांचा काळा पोरगा, १९५५ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीला नातेवाइकांकडे गेला होता, तिथे एका गोऱ्या बाईशी दुकानात काहीतरी बोलला असा आरोप करून गोऱ्यांनी त्याला उचलून नेलं, हालहाल करून मारलं आणि नदीत टाकलं. चेहरा ओळखू येत नव्हता. शिकागोला शव आल्यावर त्याच्या आईने, मेमी टिलने, शवपेटी उघडी ठेवायला लावली, म्हणाली जगाला बघू दे काय केलंय ते. हजारो लोक बघून गेले, मासिकात फोटो छापून आले, आणि तिकडच्या नागरी हक्कांच्या लढ्याला त्या फोटोंनी पेटवलं. कान्ये पण शिकागोचाच. त्या शहरातल्या काळ्या घरात हे नाव पोरांना माहिती नसेल असं होत नाही. तर सुजलेला चेहरा म्हटल्यावर त्याच्या डोक्यात पहिलं काय आलं असेल तर ते हे. आता कोणी म्हणेल की स्वतःच्या डुलकीने झालेल्या ॲक्सिडेंटची तुलना त्या खुनाशी करणं जास्तीच आहे, आणि मला पण कधीकधी तसं वाटतं. पण ओळ बघितलीस तर तो स्वतः म्हणत नाहीये की मी एमेट टिल आहे, तो म्हणतोय की तिला ती भीती वाटतीये. एवढ्याशा फरकामुळे ती ओळ तग धरते. लिहिताना हे बघायला शीक, गोष्ट कोणाच्या डोळ्यातून सांगतोयस ते.

आता सॅम्पलकडे येतो, कारण तिथे अर्धी कमाल आहे आणि तू ते 'स्पीड वाढवला' म्हणून उडवून लावलंस.

मूळ गाणं गायिका चाका खानचं 'थ्रू द फायर', १९८४ च्या अल्बममधलं, डेव्हिड फॉस्टरने आणखी दोघांबरोबर लिहिलेलं. एकदम चकचकीत, हळुवार, प्रेमासाठी आगीतून जाईन टाइपचं गाणं. हे काही कुठल्या गोडाऊनमध्ये धुळीत सापडलेली दुर्मिळ तबकडी नव्हती, तिकडे लग्नाबिग्नात वाजणारं, सगळ्यांच्या आयांना पाठ असलेलं गाणं. सॅम्पलवाल्यांमध्ये तेव्हा एक मिजास असायची, कोणाला न सापडलेलं काढायचं. याने उलटं केलं, आईच्या कपाटातलं उचललं. आणि त्या गाण्याच्या मुखड्यात शेवटी शेवटी 'वायर' हा शब्द मूळचाच आहे, शेवटच्या क्षणापर्यंत साथ देईन अशा अर्थाचा तो इंग्लिश वाक्प्रचार आहे, त्यात जबड्याच्या तारेचा काही संबंध नाही. जबड्यात खरी तार असलेल्या माणसाने ते ऐकलं आणि त्याला ती तार दिसली. फायरचं वायर. म्हणजे त्याचा जोक त्या तबकडीत अठरा वर्षं आधीच दबा धरून बसला होता. सॅम्पल निवडणं म्हणतात ते हे, भावा. नुसती चाल गोड आहे म्हणून उचलणं वेगळं आणि त्या गाण्यातल्या शब्दाला नवीन अर्थ फुटतोय म्हणून उचलणं वेगळं.

आणि आता आवाज बघ. चाका खानचा आवाज मुळातच मोठा, खुला, वर जाणारा. तो स्पीडने अजून वर नेला, अजून हलका, जवळजवळ लहान मुलीसारखा. त्याच्या खाली हा माणूस, तोंड बंद, जड, कोंडलेला. एक आवाज पूर्ण उघडा आणि एक पूर्ण बंद. ती त्याच्यासाठी गातीये कारण त्याला तोंड उघडता येत नाहीये. तो आ, जो तुला दात मिटून म्हणता येत नव्हता, तो आ तिच्याकडे आहे. हे कळल्यापासून मी त्या गाण्याला 'स्पीड वाढवलाय' असं म्हणायचं सोडलं. जबडा धड असता आणि त्याने तेच शब्द स्वच्छ म्हटले असते तर ते ठीकठाक गाणं झालं असतं, यमकं चांगली, हुक गोड, पुढे चला. आणि त्याच दबक्या आवाजाखाली साधा बीट असता तर ती नुसती बातमी झाली असती.

स्पीड वाढवायची आयडिया त्याची नव्हेच. १९५८ मध्ये तिकडे चिपमंकची, म्हणजे छोट्या खारींची गाणी म्हणून टेप हळू चालवून रेकॉर्ड करायची आणि मग फास्ट वाजवायची अशी पोरांची गाणी हिट झाली होती, त्यावरूनच या प्रकाराला चिपमंक सोल नाव पडलं. रॅपमध्ये वू-टँग या ग्रुपच्या रिझाने नव्वदच्या दशकात हे केलं, 'द ब्लूप्रिंट' वर जस्ट ब्लेझ या दुसऱ्या बीटवाल्याने पण केलंय. कान्येने ते इतक्या ठिकाणी आणि इतक्या प्रेमाने केलं की त्याच्या नावावर जमा झालं.

आता तुझं कार्टून. तू काय केलं असशील ते मी न बघता सांगतो. तू सॅम्पल ओढलास, पिच, म्हणजे सूर, वाढवलं चांगलं सात-आठ सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर), आणि सॉफ्टवेअरने टेम्पो तोच ठेवला कारण आजकाल बरीच सॉफ्टवेअर बाय डिफॉल्ट टाइम-स्ट्रेच करतात. बरोबर? तिथेच घात आहे. जुन्या सॅम्पलरवर, कान्ये वापरायचा त्या एन्सॉनिक एएसआर-१० वर, साधी पद्धत म्हणजे वरच्या सुराचं बटण दाबलं की सॅम्पल फास्ट पण होतो आणि वर पण जातो, दोन्ही एकत्र, तबकडी मिनिटाला ३३ ऐवजी ४५ फेऱ्यांवर लावली की होतं तसं. (३३ ची तबकडी ४५ वर लावणं म्हणजे साधारण पाच सेमीटोन वर, ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता त्यांनी लहानपणी हा उद्योग केलेलाच आहे आणि मारही खाल्लेला आहे.) आवाज फास्ट झाला की फक्त सूर वर जात नाही, गाणाऱ्याचा गळाच लहान होतो, तोंडाची पोकळी लहान झाल्यासारखी ऐकू येते, म्हणून बाई मुलगी वाटते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिच्या आवाजातलं आंदोलन पण फास्ट होतं. सेकंदाला साडेपाच वेळा हलणारा स्वर तीन सेमीटोन वर नेला की साडेसहा वेळा हलतो. ती जी थरथर आहे ना, काळजाला लागते ती, ती तिथून येते. तू टेम्पो तसाच ठेवून पिच वाढवलंस की गळा लहान होतो पण थरथर आणि श्वास मूळ वेगाचेच राहतात, वर स्ट्रेचिंगची ती पत्र्यासारखी किनार, मग कानाला काहीतरी खोटं लागतं. तेच तुझं कार्टून.

तर तुझं सॉफ्टवेअर एबलटन असेल तर वॉर्प मोड री-पिच कर, एफएल असेल तर रिसॅम्पल. आणि टेम्पो आधी ठरवून सॅम्पल त्यात कोंबू नकोस, सॅम्पल वर ने आणि टेम्पो कुठे येतो ते बघ. हिशोब सोपा आहे, एक सेमीटोन म्हणजे साधारण सहा टक्के. मिनिटाला ७० ठोक्यांच्या गाण्याला तीन सेमीटोन वर नेलं तर ८३ च्या आसपास येतं, पाच नेलं तर ९३. दोन ते पाचच्या मध्येच खेळ, सातच्या पुढे गेलास की बहुतेक वेळा पिल्लं चिवचिवणार. सूर पण बदलतो हे लक्षात ठेव, मूळ गाणं पांढरी एकमध्ये असेल आणि तीन सेमीटोन वर गेलं तर तुझा बेस काळी दोनमध्ये वाजवावा लागेल. माझ्याकडे दर महिन्याला एक तरी पोरगा येतो ज्याचा बेस अजून पांढरी एकमध्येच बसलेला असतो आणि त्याला कळत नाही की डोकं का दुखतंय.

मग खालचं. मूळ रेकॉर्डमधला बेस आणि किक (ड्रमचा जाड ठोका) पण वर सरकलेले असतात, ते तिथे बोळ्यासारखे अडकतात. दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली सॅम्पल कापून टाक, बिनधास्त, आणि तिथे स्वतःचा बेस, स्वतःची किक बसव. सॅम्पल हलका आणि ड्रम जाड, त्या दोघांमध्ये जी जागा राहते तिथे रॅप बसतो. 'थ्रू द वायर' हेडफोनवर लावून हेच ऐक, वर ती, खाली ढोल, आणि मधल्या बोळात हा कोंडलेला माणूस. ती जागा त्याच्या आवाजासाठी जणू मापाने कापलीये. स्वच्छ, टोकदार आवाज तिथे चाकाच्या आवाजाशी भांडला असता, हा दबका आवाज भांडत नाही, कारण जे वरचे हर्ट्झ तिच्याकडे आहेत ते याच्याकडे नाहीतच.

गाणं शेवटाकडे येतं तिथे तो सोल या शब्दाचा खेळ करतो, तारेतून आत्मा बाहेर टाकतोय आणि तारेतून सोल म्युझिक पण. बांधलेल्या तोंडाने 'सोल' मधला स किती फुसफुसतो ते ऐक. एखाद्या इंजिनिअरने डी-एसर जोरात मारला असता तर तो शब्द गेला असता.

अजून एक छोटी गोष्ट जी मला खटकायची. अल्बम आला १० फेब्रुवारी २००४ ला, 'द कॉलेज ड्रॉपआउट', एकूण २१ ट्रॅक, आणि ज्या गाण्याने दार उघडलं ते त्यात १९ व्या नंबरला. आधी वाटायचं हे काय, सिंगल कोणी एवढं मागे टाकतं का. मग एकदा सलग ऐकला, नोकरी, कॉलेज, चर्च, कपडे, पोरी, सगळी बडबड होऊन गेल्यावर हे येतं आणि तोपर्यंत हा कोण आहे ते तुला माहिती झालेलं असतं. सिंगल म्हणून ऐकणाऱ्याला ती ओळख होती, अल्बम ऐकणाऱ्याला ती पोच आहे.

जुनं गाणं वापरायच्या परवानगीचं पण बोलतो कारण तू विचारलं नाहीस आणि तिथेच पोरं मरतात. चाका खानने परवानगी दिली होती, पण बऱ्याच वर्षांनी तिने जाहीरपणे सांगितलं की आवाज असा फास्ट करणार हे मला सांगितलं नव्हतं, मला ते आवडलं नाही. मला दोन्ही बाजू कळतात. आपण ज्याला थरथर म्हणतो ते तिच्यासाठी तिच्या गळ्याची टिंगल आहे, तिने आयुष्य घातलंय त्या गळ्यात. माझा स्वतःचा किस्सा: एका जुन्या मराठी भावगीताचा अंतरा मी असाच तीन सेमीटोन वर नेऊन एका पोराला बीट करून दिला, सुंदर झाला होता, दोन दिवसांत गाणं उतरवलं गेलं आणि त्याच्या चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटची ताकीद आली. चूक माझी. तेव्हापासून शिकायचं असेल तर कोणाचंही घे, कापाकापी कर, स्वतःपुरतं ठेव. बाहेर काढायचं असेल तर एखाद्या गाणाऱ्या मैत्रिणीला बोलाव, दोन ओळी स्वतः लिहून तिच्याकडून हळू टेम्पोत आणि खालच्या पट्टीत गाऊन घे, त्यात आंदोलन थोडं सैल ठेवायला सांग, आणि मग तो तुझा स्वतःचा सॅम्पल म्हणून वर ने. आमच्याकडे आता बहुतेक वेळा असंच करतो. फक्त तिला आधीच सांग की फास्ट करणारे, आणि फास्ट केल्यावर तिला ऐकवल्याशिवाय बाहेर काढू नको.

तुझा प्रोजेक्ट पाठवायचा असेल तर पाठव, ऐकून सांगतो. एमपी३ नको, वेव्ह पाठव, सॅम्पल वेगळा, ड्रम वेगळे, आणि तू किती सेमीटोन वर नेलंस ते फाइलच्या नावात लिही.